उद्यापनाचा संकल्प

माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन ज्या आठवड्यात होतं, त्याच आठवड्यात ऋषिकेश परीक्षा न देता घरी आला. एमबीबीएसचं तिसरं वर्ष. व्रत धरलं होतं ते याच परीक्षेसाठी.

पोरगा वाळून गेला होता. झोप नाही, जेवण नाही, वॉर्डात उभा राहिला की काही सुचायचं नाही. कुणी सांगायच्या आधी तो स्वतःच मानसोपचाराच्या मॅडमकडे गेला आणि म्हणाला, मला उपचार हवेत. त्यांनी गोळ्या दिल्या, काही महिने विश्रांती सांगितली.

साजगावच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेले आमचे हे म्हणाले, "उद्या पूजेला आलेल्या बायका विचारतील. सुट्टीला आलाय म्हणून सांग. सगळ्या दहिवलीत बोभाटा नको."

ऋषिकेश आतून ऐकत होता. मी दूध घेऊन गेले तर म्हणाला, "आई, तुला माझी लाज वाटते का गं?"

"नाही रे बाळा," म्हटलं मी. पण माझा आवाज मुळातच बारीक. त्याला तो पुरला नसावा.

सोमवारी पूजा मांडली. पाणी सोडायच्या आधी गुरुजींनी विचारलं, "कामना तीच ना? परीक्षेत यश?"

"आरोग्य म्हणा, गुरुजी. ऋषिकेशचं आरोग्य."

शेजारच्या भागूबाईंना राहवेना. "का गं, काय झालंय त्याला?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पळी खाली ठेवली.

"मन आजारी पडलंय त्याचं, मावशी. औषध चालू आहे. परीक्षा पुढं देणार."

"अगं बाई! डॉक्टरच आजारी पडला, तर आमाला कोन तपासनार?"

बायका हसल्या. मलाही हसू आलं. "मावशी, तुमची साखर वाढली तेव्हा पाय सुजेपर्यंत बोलला नव्हतात. माझ्या लेकानं वेळेत ओळखलं, आपण होऊन गेला. असा डॉक्टर तपासणार आहे तुम्हाला!"

इतक्या मोठ्यानं मी आरतीसुद्धा म्हणत नाही.

भागूबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या नातीला, सोनालीला बी झोप नाय गं. त्या नीटच्या क्लासपायी. रातभर जागीच."

दारात ऋषिकेश उभा होता. चुरगळलेला शर्ट, वाढलेली दाढी. "संध्याकाळी पाठवा तिला, मावशी. पुस्तकं घरी ठेवून ये म्हणावं. नुसत्या गप्पा मारू."

"येईल रं, येईल," भागूबाई म्हणाल्या.

पंगत बसली. ह्यांनी उठून आपल्या शेजारी त्याचं पान मांडलं आणि गुरुजींना म्हणाले, "हा आमचा ऋषिकेश. उपचार घेतोय."

असं म्हणताना ह्यांची मान ताठ होती. ऋषिकेशनं चूर्मा मागून घेतला, आणि मी वाढतच राहिले.