दुकान वाढवलं

आमच्या घरात काही शब्दांना बंदी आहे. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. संध्याकाळी शटर ओढताना दुकान बंद केलं म्हणायचं नाही, दुकान वाढवलं म्हणायचं. लग्न होऊन मी चाकणजवळ निघोज्यात आले त्या पहिल्याच आठवड्यात "आत्याबाई, दुकान बंद करू का?" असं विचारून बसले, आणि सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुकानाला काडी लावायची परवानगी मागितली होती. बांगड्यांच्या घरात अशुभ बोलत नाहीत, एवढं तेव्हा कळलं. पण या एका शब्दानं गेल्या वर्षी जो घोळ घातला, तो आठवला की मला अजून हसू येतं आणि जरासं रडूही येतं.

माझ्या सासूबाई म्हणजे कुसुमताई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. गावच्या चौकात त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे, दहा बाय आठचं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला ऊन तिरकं होऊन आत येतं आणि टांगलेल्या काचेच्या बांगड्यांमधून समोरच्या भिंतीवर हिरवी, लाल, जांभळी वर्तुळं उमटतात. रस्त्यावरून मोठा कंटेनर गेला की बांगड्या किणकिणतात आणि भिंतीवरची वर्तुळं थरथरतात. पहिली शिफ्ट संपवून मी तिथे टेकले की माझा हमखास डोळा लागतो. त्या गुंगीत आत्याबाईंचा आवाज ऐकू येत राहतो. कुणाचा तरी हात हातात घेतलेला असतो आणि त्या म्हणत असतात, "ढिला सोड गं, ढिला सोड. हात माझा हाय आता."

हे वाक्य त्यांनी आजवर किती बायकांना म्हटलं असेल देव जाणे. अंगठ्याच्या मुळाशी हलकेच दाबायचं, पंजा मिटवायचा, आणि बाईचं लक्ष दुसरीकडे असतानाच बांगडी मनगटावर गेलेली असते. भरताना त्या हाताकडे बघतसुद्धा नाहीत. बाईच्या तोंडाकडे बघतात. मग सहज विचारतात, "झोप न्हाई व्हय लागत?" आणि ती बाई एकदम गप्प होते, नाहीतर एकदम सगळं बोलून टाकते.

पण चाकणला कंपन्या वाढल्या, आणि कंपनीत लाइनवर बांगड्या चालत नाहीत. मी स्वतः गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करते. गेटवर फोन पेटीत ठेवायचा आणि मनगटं मोकळी दाखवायची, मगच आत. मनगटं मोकळी ठेवायची सवय झाली की बायका सुट्टीच्या दिवशीही दुकानाकडे फिरकेनात. तेव्हा मी, म्हणजे शहाणी सून स्वरूपा, पुढे सरसावले. आत्याबाईंच्या फोनवर व्हॉट्सअॅपचं धंद्याचं खातं उघडलं. बांगड्यांचे फोटो टाकले. गिऱ्हाइकांची यादी केली. कुणीही काहीही लिहिलं तरी आपोआप उत्तर जाईल अशी सोय केली: 'नमस्कार. कुसुम बांगडी भांडार. आपल्या हाताचा फोटो, माप आणि रंग पाठवा.'

आणि फोटो यायला लागले. रावेतच्या उंच इमारतींमधून, आकुर्डीच्या होस्टेलांमधून, चाकणच्या भाड्याच्या खोल्यांमधून. मेंदीचे हात, कणीक लागलेले हात, लॅपटॉपवर टेकलेले हात. माझा नवरा गणराज आकुर्डीला कामाला जाता जाता पाकिटं पोचवायचा. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटायचं की विचारू नका.

आत्याबाई दुपारभर ते फोटो बघत बसायच्या. "ह्यो हात दमलाय," म्हणायच्या. "ह्याला दोन-चारचं माप लिवलंय, पर ह्यो अंगठा आखडलाय, दोन-सहा दे." माप कधी चुकलं नाही. एकेकदा त्या नकळत फोनच्या काचेवरच्या अंगठ्याच्या मुळाशी आपलं बोट दाबायच्या. फोटो सरकून जायचा आणि दुसराच हात समोर यायचा. मी हसायचे. आता वाटतं, हसायला नको होतं.

त्या बुधवारी मी तीन वाजता कंपनीबाहेर आले, पेटीतून फोन घेतला आणि बसमध्ये बसले. दुकानाचं खातं माझ्याही फोनवर दिसतं. उघडलं तर अभिनंदनाचा पाऊस. टाळ्या, पुष्पगुच्छ, पेढ्यांची चित्रं. 'वा काकू! नवीन दुकान कुठे?' 'आता रावेतला पण एक काढा.' 'खूप खूप आनंद झाला!' आणि प्रत्येक अभिनंदनाला माझ्या सोयीनं इमानदारीत उत्तर पाठवलं होतं: आपल्या हाताचा फोटो पाठवा. बायकांनी बिचाऱ्यांनी पाठवलेही होते. बोट वर सरकवत राहिले तरी हात संपेनात. बस डुलत होती, माझे डोळे मिटत होते, आणि अर्धवट झोपेत मला वाटत होतं की हे सगळे हात पाण्याखालून वर येताहेत आणि कुणीतरी धरण्याची वाट बघताहेत.

सगळ्यात वर सकाळचा निरोप होता. आत्याबाईंनी माइकचं बटण दाबून तोंडानं सांगितलेला, फोननं टाइप केलेला. 'आजपासून दुकान वाढवलं. लोभ असू द्यावा. कुसुमताई.'

माझी झोप उडाली. चौकात उतरले तर शटर खाली.

आत्याबाई घरी ओट्यावर बसल्या होत्या, फोन पालथा घालून. डोळे लाल. मामंजी आपले रेडिओशी खुडबुड करत होते. बायकांच्या भानगडीत पडायचं नाही हे त्यांचं जुनं धोरण.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"म्या काय केलं? लोकांनी काय केलं ते बघ." त्यांनी फोन माझ्याकडे ढकलला. "एवढी वर्सं ह्यांच्या हातात बांगड्या भरल्या. ह्यांच्या लग्नात, डोहाळजेवणात भरल्या. आन् म्हातारीनं दुकान वाढवलं म्हनल्यावर टाळ्या वाजवत्यात. पेढं वाटत्यात. एवढी जड झालते व्हय मी?"

मी निरोप पुन्हा वाचला. मग उमगलं, आणि हसू आवरेना. त्यांच्या पायाशी बसून सांगितलं की आजकालच्या मुलींना तो अर्थ माहीतच नाही. वाढवलं म्हणजे मोठं केलं, नवीन जागा घेतली, असं त्यांना वाटलंय. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि मग त्याही हसल्या. पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मामंजींनी रेडिओ बारीक केला.

हसणं ओसरल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "पर मी वाढवलंय ते खरंच हाय, स्वरूपा."

"का पण? गिऱ्हाईक तर वाढलंय."

"गिऱ्हाईक कुटं? फोटू हायेत." त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवले. "सकाळपास्नं पाकिटं करती. हात धरायला कुनी न्हाई. पाकिटं काय, तू बी करशील, गणराज बी करंल. मी कशापायी बसू तितं? सपनात हात येत्यात माज्या. धराया गेलं की काच लागती."

मला काय वाटलं ते सांगते. लाज वाटली. ज्या गोष्टीचं मला एवढं कौतुक, तिनंच त्यांच्या हातातून हात काढून घेतले होते, आणि मी रोज त्यांच्या शेजारी बसून डुलक्या काढत होते.

"आता समद्यांना नीट कळव," त्या म्हणाल्या. "म्हणावं गैरसमज झाला. अभिनंदन परत घ्या."

मी फोन घेतला आणि लिहायला बसले. 'कुसुम बांगडी भांडार कायमचं' एवढं लिहिलं आणि बोट थांबलं. पुढचा शब्द या घरात चालत नाही.

"बंद लिहू?"

"शुभ बोल!" त्या दचकल्याच.

"मग वाढवलं लिहू?"

"पुन्ना पेढं देतील."

"मग काय लिहू, आत्याबाई?"

त्यांनी दोन-तीन शब्द पुटपुटून पाहिले. मीही पाहिले. दुकान संपवायला मराठीत त्यांना चालेल असा शब्दच सापडेना. तो निरोप तसाच अर्धा राहिला.

दुसरा दिवस गुरुवार, इथल्या कंपन्यांच्या आठवड्याच्या सुट्टीचा, म्हणून माझीही सुट्टी. उरलेला माल खोक्यांत भरायचा म्हणून आम्ही दोघी सकाळी दुकानात गेलो. शटर वर करतो न करतो तोच एक बाई धापा टाकत आली. कौशल्याबाई. परभणीकडची, नवऱ्याबरोबर इथं खोली घेऊन राहते, एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते.

"ताई, दुकान कामून वाढवायलाव?" ती दारातूनच म्हणाली. "लेकीनं फोनवरचं वाचून दाखिवलं. ती म्हनली, मोठं केलंय. म्या म्हनलं, नाही गं माय, बांगडीवाली असं म्हनली म्हंजी उठली ती दुकानातून. रात्रभर चैन नाही मला."

एवढ्या सगळ्यांत हिला एकटीला बरोबर कळलं होतं. आत्याबाईंनी खोकं खाली ठेवलं. कौशल्याबाईनं दोन्ही हात पुढे केले. कामानं रापलेले, मनगटावर तव्याच्या जुन्या डागांच्या खुणा. "जायचं तर जा. पर मला शेवटच्या तुमच्या हातानं भरा. इथं आल्यापासून माझा हात कुनी धरला नाही, तुमच्याबगर."

आत्याबाई खाली बसल्या. हात हातात घेतला. बराच वेळ नुसताच धरून ठेवला. मग म्हणाल्या, "ढिला सोड गं." पुढचं वाक्य त्यांना म्हणता आलं नाही.

हिरव्या बांगड्या चढत होत्या तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. रावेतच्या विजयश्री मॅडम, कंप्युटरवाल्या. दर महिन्याला फोटो पाठवणाऱ्या, पण दुकान कधी न बघितलेल्या. हातात नारळ. मागे आणखी दोघी, पेढ्यांचा पुडा घेऊन. "काकू, नवीन दुकानासाठी!" म्हणत त्या आत डोकावल्या, आणि दहा बाय आठ बघून जरा गोंधळल्या. "कुठे वाढवलंय?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. आता खरं सांगणं त्यांचं काम होतं. त्यांनी मान वर केली, तर नजर विजयश्रीच्या हातावर गेली.

"दोन-सहा," त्या म्हणाल्या. "अंगठा आखडतो तुजा. फोटूत बघितलाय. रातचं दुखतो का गं?"

विजयश्रीनं आपला अंगठा दुसऱ्या हातात धरला. "तुम्हाला कसं कळलं?"

"बस. बसायला जागा... स्वरूपा, चटई टाक बाहेर."

शेजारच्या चक्कीवाल्याच्या पत्र्याखाली मी चटई टाकली. अकरा वाजेपर्यंत आणखी बायका आल्या, सुट्टीवर असलेल्या, नवीन दुकान बघायला निघालेल्या. एका चटईवर मावेनात म्हणून घरून सतरंजी आणली, मग चक्कीवाल्यानं पोती अंथरली. खोक्यांतला माल परत बाहेर आला. ऊन सरकत गेलं तसे रंग दुकानातून निघून बाहेर बायकांच्या मांड्यांवर, पदरांवर, पोत्यांवर पसरले. चक्कीची घरघर, बांगड्यांची किणकिण आणि मधूनच "ढिला सोड, हात माझा हाय आता." मी खांबाला टेकून बसले होते. जागी आहे की झोपेत ते मला नक्की कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती.

शेवटी विजयश्रीला नारळाची आठवण झाली. "काकू, हा फोडायचा ना?"

"फोडायचा न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "वाढवायचा." नारळ त्यांनी कौशल्याबाईच्या हातात दिला. तिनं तो उंबऱ्यावर एका फटक्यात वाढवला आणि पाणी सगळ्यांच्या पायांवर उडालं.

सगळ्या गेल्यावर आत्याबाईंनी माझा हात ओढला. न विचारता. "तीन वर्सं झाली तुला भरून," म्हणाल्या. त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी दाबलं आणि मला रडू फुटलं. का ते सांगता येणार नाही. दुकानात इतकी वर्षं बसते, पण माझाही फक्त फोटोच त्यांच्याजवळ होता म्हणा ना.

"तो कालचा अर्धा निरोप?" मी नाक पुसत विचारलं.

"खोड त्यो. आन् ते आपोआप जातं, त्यात बदल कर. हाताचा फोटू पाठवा, ते काढ. लिही, गुरुवारी हात घेऊन या."

मी लिहिलं. मग त्यांनी शटरला हात घातला आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "चल, दुकान वाढवू."

शुक्रवारी पहाटे कंपनीच्या गेटवर मी बांगड्या काढायला लागले. नीट मापाच्या असल्या की सहज निघत नाहीत. बाकीच्या निघाल्या, एक मात्र अडली आणि वाढली. मनगटावर बारीकशी लाल रेघ उठली. फोन पेटीत टाकण्याआधी मी बटण दाबून बोलले, "आत्याबाई, एक वाढली."

लगेच उत्तर आलं. झोपेतून उठलेला घोगरा आवाज, मागे मामंजींचा रेडिओ.

"वाढू दे. सांजच्याला ये. हात घेऊन ये."