तुळसाचे वाघमासे

उमरठच्या पुढच्या वाडीत मासे आले की ते विळीवर जातात. म्हणून महिपत टेम्पोतून दोन निळी पिंपं उतरवायला लागला तेव्हा शेजारची प्रयागबाई पातेलं घेऊनच आली. तिने पिंपात डोकावलं आणि मागे सरली. आत वीतभराहून मोठे नारिंगी मासे होते. अंगावर रुंद काळे पट्टे, तोंडाशी आखूड मिशा.

"मासा हाय का वाघाचं पिल्लू रे हे?"

"मासाच हाय काकी. पन खायचा नाय. पाळायचा."

"पाळायचा?" प्रयागबाई रिकामं पातेलं वाजवत परत गेली आणि संध्याकाळपर्यंत अख्खी वाडी हसली. त्या दिवसापासून ते वाघमासे झाले. क्लाउन लोच हे त्यांचं खरं नाव महिपतशिवाय कुणाच्या तोंडात बसलं नाही.

तुळसा मात्र हसली नाही. ती नवऱ्यावर रागावली होती. महिपत मुंबईला खोपकरसाहेबांच्या बंगल्यावर कामाला होता. बाग, गाड्या आणि दिवाणखान्यातली माशांची मोठी टाकी, सगळं तोच बघायचा. हे मासे बोटाएवढे असताना दुकानातून त्यानेच आणले होते. फोनवर निम्मं बोलणं त्यांचंच. आज काकडी खाल्ली, आज थोरला बिळातून बाहेरच आला नाही. तिला ताप आलेला त्याला तिसऱ्या दिवशी कळायचा, पण माशाच्या अंगावर पांढरा ठिपका दिसला की त्याची झोप उडायची.

मग साहेबांनी बंगला विकला आणि ते उंच इमारतीत राहायला गेले. टाकी भंगारात गेली, महिपतची नोकरी गेली. माशांचं काय, असं त्याने विचारलं तेव्हा साहेब मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "एवढे मोठे कोणी घेत नाही रे. खाडीत सोड, नाहीतर काय करायचं ते कर." हे गोड्या पाण्यातले मासे, खाडीच्या खाऱ्या पाण्यात तासभरही जगले नसते. महिपतने गावाकडे येणारा एक टेम्पो गाठला, पिंपांत बॅटरीवरचे हवेचे पंप सोडले आणि सहाच्या सहा मासे जिवंत घरी आणले.

"मानसाला काम नाय आनि माशांना घर पायजे," तुळसा म्हणाली.

तरी घर झालंच. तिचा भाचा अनिल महाडला काचेच्या दुकानात कामाला होता. त्याने जाड काचांची टाकी जोडून दिली. माजघराच्या भिंतीशी विटांचा ओटा करून ती वर बसवली. महिपतने तळाशी वाळू पसरली, फुटकी मडकी आणि पाइपाचे तुकडे ठेवले. मासे आत गेले ते थेट मडक्यांत घुसले आणि दोन दिवस दिसलेच नाहीत.

तिसऱ्या सकाळी चूल पेटवायला उठलेल्या तुळसाला वाळूवर एक मासा आडवा पडलेला दिसला. एक बाजू वर, हालचाल नाही.

"आवो! मेला!" ती ओरडली.

महिपत धावत आला आणि हसायला लागला. "झोपलाय गो. हे आडवेच झोपतात, आपल्यासारखे."

तुळसाने काचेवर बोट वाजवलं. मासा सावकाश सरळ झाला, झोपमोड करणाऱ्या बाईकडे त्याने एकदा बघितलं आणि मडक्यात निघून गेला.

"नाटकी मेला," ती म्हणाली. पण त्या दिवशी काकडीची चकती तिनेच टाकली.

मग ते तिचंच काम झालं. काकडी तरंगते म्हणून चकतीला जुना चमचा टोचून तळाशी बसवायची. विहिरीच्या पायरीवरच्या गोगलगायी धुऊन आणायच्या. मासे शंखात तोंड घालून आतलं ओढून घ्यायचे आणि रिकामे शंख वाळूवर पडायचे. उकिरड्याकडेची गांडुळं त्यांना फार आवडायची. कुणी महाडला गेलं की तळाशी बुडणाऱ्या मत्स्यखाद्याच्या दाण्यांचं पाकीट आणायचं. खाणं रंगात आलं की मासे तोंडाने टकटक आवाज काढायचे, तो चुलीपाशी ऐकू यायचा. तुळसा म्हणायची, "बोलायला लागले." प्रयागबाई म्हणायची, "तू बी लागलीस, येडी."

पावसाळ्यात महिपत काम शोधायला मुंबईला भावाकडे गेला. तो तिकडे असतानाच एका रात्रीत दरड आली, रस्ता बंद झाला, वीज गेली. दरडीखाली गेलेल्या तळीयेची आठवण अजून ताजी होती. वाडीतली माणसं शाळेत जाऊन राहिली. तुळसाही बाकीच्यांबरोबर तिथेच निजायची, पण दिवस उजाडला की घरी यायची. लोकांनी वेड्यात काढलं. ती म्हणाली, "तुमी गुरं सोडून आलात का? गोठ्यात जाताच ना? मंग?"

टाकीतला पंप बंद होता. ती तांब्याने पाणी काढायची आणि उंचावरून परत ओतायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. एक हात भरून आला की दुसऱ्या हाताने. गारठ्याने माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, जणू रवा सांडला. ती टेकाडावर रेंज मिळते तिथे भिजत गेली आणि महिपतला फोन लावला.

"मीठ टाकू नको," तो तिकडून ओरडत होता. "औषध पन नाय. त्यांची कातडी नाजूक हाय, सोसत नाय. पानी ऊबदार ठेव, बस्स. आनि थोडं थोडं बदल."

तुळसाने चुलीवर पाणी तापवून प्लास्टिकच्या बाटल्यांत भरलं, बुचं घट्ट लावली आणि त्या टाकीत तरंगत सोडल्या. निवल्या की काढायच्या, दुसऱ्या सोडायच्या. प्रयागबाई बघायला आली ती चुलीपुढेच बसली आणि फुंकणी हातात घेतली. वीज आली तोवर एक मासा गेला होता. तुळसाने तो परसात पुरला. बाकीचे पाच हळूहळू सावरले, रंग परत आला. महिपत हात हलवत परतला. काम मिळालं नव्हतं. टाकीसमोर तो बराच वेळ उभा राहिला.

दिवाळीला त्याने एकच चूक केली. पाची मासे काकडीभोवती जमलेले, असा फोटो त्याने साहेबांना शुभेच्छांबरोबर पाठवला.

पंधरवड्यात साहेबांची गाडी वाडीत आली. महाबळेश्वरला त्यांनी मेहुण्याबरोबर हॉटेल काढलं होतं, तिकडेच निघाले होते. माजघरात वाकून शिरले, टाकी बघून थक्क झाले.

"अरे, एवढे मोठे लोच मुंबईत दाखवायला मिळत नाहीत! महिपत, कमाल केलीस. ऐक, हॉटेलच्या लॉबीत काचेची भिंतच करतोय. हे तिथे ठेवू. आणि तूही ये. पगार आधीसारखा, राहायला खोली. मासे तुझ्या हातचे आहेत, तुझ्याशिवाय कोण बघणार?"

महिपतचा चेहरा उजळला. तुळसाने तो उजळलेला बघितला, आणि चहाचा कप साहेबांपुढे ठेवून ती तिथेच उभी राहिली.

"सायेब, त्या भिंतीत लपायला जागा हाय का?"

"लपायला?" साहेब हसले. "अहो, लपले तर गिऱ्हाइकांना दिसणार कसे? वरून दिवे सोडणार आहोत. आणखी मोठे मासेही आणणार."

"मंग नाय."

"नाय म्हणजे?"

"मासे जानार नाय."

साहेबांनी कप खाली ठेवला. "ताई, गैरसमज होतोय तुमचा. हे मासे माझे आहेत. मी विकत घेतले होते."

"घेतलेत खरे. पन खाडीत सोड म्हनून सांगितलंत तवा तुमचे राहिले नाय. खाडीला विचारा तुमचे मासे कुठं हायत." तिचा आवाज चढला होता. "वीज नव्हती, रस्ता नव्हता, तवा यांच्या अंगावर रवा उठला होता. मी पानी तापवत बसले हिथं. एक माझ्या हातावर गेला. तुमी तवा फोन केलात? नोकरी देताय तर मानूस बघून द्या. माशांबरोबर फुकट म्हनून नको."

प्रयागबाई दारात येऊन उभी होती. ती हसत नव्हती.

साहेब महिपतकडे वळले. "तू बोल. घरात तुझं चालतं की नाही?"

महिपतने टाकीकडे बघितलं. एका मडक्यातून मिशा बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या. त्याला काय हवं होतं ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. खोली, पगार, ओळखीचं काम.

"तिचे मासे हायत, सायेब," तो म्हणाला. "तिला विचारा."

गाडी गेली. महिपत त्या रात्री धड जेवला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तुझ्या तोंडापायी घर बसलं."

"घर सायेबानं बंगला विकला तवाच बसलं," तुळसा म्हणाली. "आता उभं करायचं तर आपन करू. वाकून नको."

आठवडाभर दोघं कामापुरतंच बोलली. मग अनिलने मालकाशी बोलून महिपतला महाडच्या दुकानात लावून घेतलं. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. पगार मुंबईपेक्षा कमी, हाताला काचेचे ओरखडे, पण रात्री ताट घरच्या माजघरात. सुरुवातीला तो तोंड पाडून जायचा. नंतर दुकानात कुणी माशांची टाकी करून घ्यायला आलं की मालक त्यालाच पुढे करायला लागला, आणि तो घरी येऊन त्याबद्दल न विचारता सांगायला लागला. वाडीत पाहुणे आले की प्रयागबाईच त्यांना घेऊन यायची. "काचेवर बोटं वाजवू नका," असं आधी बजावायची.

शिमग्याच्या सुमारास साहेबांचा पुन्हा फोन आला. लॉबी तयार झाली होती. महिपत न्हाणीत होता, म्हणून फोन तुळसाने उचलला.

"ताई, विचार बदलला का?"

आतून टकटक ऐकू येत होती. तिच्या हातात अर्धी काकडी होती.

"जेवतायत ते," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.