सीडीसाठी स्थळ

माझ्या लग्नाची व्हीसीडी नेमकी अम्मी येते तिथेच अडकायला लागली. अब्बांनी चापट मारली प्लेअरला, पण बोलणी बसली मला. जसं काही मीच तिथे बोट दाबून बसले होते!

अम्मी म्हणजे माझी सासू, जन्नत. गेल्या साली गेली. जन्मात कुणाला फोटो काढू दिला नाही तिने. आमच्या लग्नात मी उंबऱ्यात आले तेव्हा मात्र कॅमेऱ्याने तिला गाठलं. लगेच तिने तोंडासमोर हात धरला, पण तेवढ्यात तोंड दिसलंच. माझे सासरे, मुसाअब्बा, रोज तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली की तेवढंच लावून बघायचे. बघून बघून सीडीची पार वाट लागली.

दोह्याहून माझा नवरा रय्यान फोनवर म्हणाला, "नेटवर फुकट सॉफ्टवेअर मिळतं. सीडी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घे, नायतर जाईल कायमची."

"फुकट?" अब्बा सावध झाले. "काय मागत नाय म्हणजे नक्की काहीतरी खोट असणार. चौकशी कर. कुठचा, कोणाचा, आधी कोणी बघितलेला काय?"

झालं! लोक मुलीसाठी स्थळ बघतात, आमच्या राजिवड्यात सीडीसाठी बघायला लागले. वर शेजारचे लाँचवाले बाबल्याकाका मध्यस्थ म्हणून येऊन बसले. मी चहा आणला, आणि सगळ्यांनी कॉम्प्युटरकडे तोंड केलं.

पहिलं स्थळ जर्मनीचं. घराणं चांगलं, काका म्हणाले. त्यांना तिकडची इंजिनं ठाऊक. त्याने सीडी उतरवली खरी, पण स्वतःचं लालभडक नाव सगळ्यांच्या तोंडावर आडवं छापून.

"सुनेच्या तोंडावर नाव लिहितो मेला!" अब्बा उसळले. "नापसंत."

दुसरं दिसायला गोजिरं. पण फुकटात सुरुवातीचा तुकडाच उतरवायचं. आणि सुरुवातीला काय, तर व्हिडिओवाल्याची कला: हापूस आंबा चिरतो, आतून रय्यान निघतो, गुलाबातून मी, आणि आमच्यावरून कबुतरं उडतात. तेवढं लख्ख उतरलं. पुढचं हवं तर पैसे टाका.

"गोड बोलून अर्ध्यावर सोडणारा," अब्बा म्हणाले. "नकार कळव त्याला. पण रीतीने. त्याचं नाव खराब नको व्हायला."

आमच्यात नमाज पढून अल्लाहला विचारतात, तो इस्तिखारा. नकार द्यायचा तर त्याच्यावर ढकलतात. म्हणून मी कंपनीला ईमेल केला: मुलगा चांगला आहे, पण इस्तिखाऱ्यात आलं नाही, तुम्ही दुसरीकडे बघा. त्यांचं उत्तर आलं: आपली अडचण समजली, निम्म्या किमतीत देतो.

"बघा," काका खूश झाले, "मागे लागलेत!"

मला हसू येईना. प्रत्येक पाहणीत सीडी जास्तच घरघरत होती आणि या दोघांना मानपान सुचत होते.

"आता तिसरं येईल त्याला मी हो म्हणणार," मी ओरडले. "अम्मी पुसून गेली की मग बसा चौकशा करत!"

तिसऱ्याचं गाव कुणी विचारलं नाही. मी सीडी घातली. उंबऱ्याशी येऊन सगळं थांबलं, ड्राइव्ह कण्हायला लागला. अब्बांनी सूरा पढून त्याच्यावर फुंकर घातली. काकांनी गणपतीला नारळ बोलून टाकला. मग ते एकदाचं पुढे सरकलं.

आम्ही फाइल लावली. मी उंबऱ्यात आले, अम्मी समोर आली, आणि चित्र तिथेच थिजलं. सीडीचा खराब भाग त्या सॉफ्टवेअरने चक्क गाळला होता, आणि अम्मीचा हात नेमका त्यातच गेला. मागे गाणं वाजत राहिलं, बायका हसत राहिल्या, आणि अम्मी पुरता चेहरा उघडा, कपाळाला आठ्या, आमच्याकडे बघत उभी. हलेचना. मला रडूच फुटलं.

पुढे सरकवायला मी माउसकडे हात नेला, तर अब्बांनी तो धरला.

"राहू दे गो," ते म्हणाले. "अख्ख्या संसारात एवढा वेळ माझ्यासमोर उभी नाय राहिली ती."