हिरोच्या पाठीवरचे पंख

मित्रांनो, मी एक जुना पंखांचा जोड आहे. पक्ष्याचा नव्हे, सैतानाचा. महाविद्यालयाच्या सभागृहामागे अडगळीची खोली आहे, तिथे मोडक्या खुर्च्यांच्या ढिगावर मी पडलेलो असतो. डाव्या पंखात उंदरांनी संसार थाटला आहे, उजव्याला बुरशी धरली आहे. जवळ आलात तर नाक दाबाल. खुशाल दाबा. पण मला स्वतःला किळस येते ती उंदरांची नाही. ती कशाची येते, तेच सांगायचे आहे.

माझा जन्म समोरच्या गल्लीतल्या शिंपीकाकांच्या दुकानात झाला. मोडक्या छत्र्यांच्या काड्या, काळे कापड आणि शिजवलेला सरस यांतून त्यांनी मला घडवले. सरसाच्या वासाने काकूंना मळमळायला लागले. "घरात सैतान कशाला आणलात? घास जाईना मला," त्या म्हणाल्या.

"अगं, कॉलेजचं काम आहे," काका म्हणाले. "आणि हा सैतान इंग्रजी आहे. आपली भाषा त्याला कळायची नाही!"

इंग्रजी शिकवणाऱ्या सरांनी एक जुने इंग्रजी महाकाव्य रंगमंचावर आणायचे ठरवले होते. त्याची गोष्ट सरळ आहे. एक तेजस्वी देवदूत देवाविरुद्ध बंड करतो, खाली फेकला जातो, सैतान होतो आणि सूड म्हणून निष्पाप माणसांना फसवतो. सुरुवातीला कवी त्याला असा भव्य दाखवतो की ऐकणाऱ्याची छाती भरून येते. पुढे मात्र तो पानागणिक लहान होत जातो. चोरासारखा कुंपण ओलांडतो, बेडकासारखा दबा धरून बसतो, आणि शेवटी आपल्या पराक्रमाच्या बढाया मारायला तोंड उघडतो तर नुसता फुसफुसाट बाहेर पडतो.

सरांनी हा पुढचा सगळा भाग कापून टाकला.

"पडला, पण वाकला नाही! तिथेच पडदा टाकायचा," ते म्हणाले. "सरपटणारा सैतान कोण बघणार? चांगुलपणा तर रंगमंचावर मेलेलाच असतो."

सैतानाचे काम ज्याला मिळाले त्याला सगळे हिरो म्हणत. उंचापुरा, देखणा, आवाज असा की मागच्या भिंतीला जाऊन भिडावा. पहिल्या दिवशी त्याने मला खांद्यावर चढवले आणि मी फुगून गेलो. तालमीत तो घामाने असा निथळे की माझे कापड ओले होई. मला ते आवडायचे. कष्टाचा घाम आहे, असे मी समजत होतो.

सैतानाच्या टोळीत असूनही एकटा विरोध करतो आणि सगळ्यांच्या शिव्या खात तिथून निघून जातो, असा एक साधा देवदूत त्या काव्यात आहे. ते काम चिमणीकडे होते. बारीक अंगाची, बारीक आवाजाची मुलगी. सरांनी तिच्या भाषणाच्या चार ओळी शिल्लक ठेवल्या होत्या, आणि त्या म्हणून ती निघाली की बाकीची मुले खरोखरच फिदीफिदी हसत.

एकदा तिने धीर करून विचारले, "सर, शेवट कापला तर कवीचं म्हणणंच राहत नाही. आपण आधी भुलावं म्हणूनच त्यानं सैतानाला एवढा मोठा केलाय ना? मग आपण भुललो होतो हे कळायला नको?"

"हे परीक्षेत लिही, मार्क देईन," सर म्हणाले. सगळे हसले. मीही मनात हसलो.

प्रयोग आठवड्यावर आला होता. रंगमंचावर मागच्या बाजूला एक उंच मचाण होते. त्यावरून सैतान प्रकट व्हायचा आणि त्याच्या पाठीमागे लाल दिवा पेटायचा. मचाणाला शिडी दोरीने बांधलेली असे. दिवेवाले काका तिच्यावरून वर जात, छताजवळच्या पट्टीवर बसून दिवे लावत आणि खाली येत. त्या दिवशी वर जाताना ते म्हणाले, "मी खाली येईपर्यंत शिडीला हात लावू नका रे."

हिरो मचाणाच्या पायऱ्या चढायला लागला आणि माझे टोक शेजारच्या शिडीत अडकले. त्याने शिवी हासडली. दोरी सोडली, शिडी पायाने बाजूला सरकवली आणि वर जाऊन उभा राहिला. सर समोरच्या रांगेतून बघत होते. चिमणी पडद्याआड उभी होती. हिरोने भाषण सुरू केले. काय आवाज लागला होता! भाषण ऐन रंगात आले असताना काकांनी वरून सवयीने शिडीवर पाय टाकला आणि सुटी शिडी त्यांच्यासकट घसरली.

हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

काकांना दवाखान्यात नेले. प्राचार्यबाईंनी सगळ्यांना जसे होते तसे बोलावून घेतले, म्हणून मी हिरोच्या पाठीवरच त्यांच्या खोलीत गेलो. दारात अडकलो, टेबलावरचा पेला पाडला. बाईंनी विचारले, "शिडी कुणी सोडली?"

हिरोने मान खाली घातली. मला वाटले, आता हा सांगेल.

"बाई, बोलू नये, पण काका सकाळपासून डुलत होते," तो हळू आवाजात म्हणाला. "तोंडाला वास येत होता. दोरी बांधायची त्यांनाच शुद्ध नव्हती. मी सावरायला धावलो, पण..." आणि त्याने डोळे पुसले.

मित्रांनो, मी त्याच्या पाठीला चिकटलेलो होतो. ती पाठ कोरडी ठणठणीत होती. रंगमंचावर खोटा सैतान करताना निथळणारा हा मुलगा इथे एक थेंब घामाशिवाय बोलत होता. मला शिसारी आली. स्वतःला फाडून खाली टाकावे असे वाटले, पण पट्टे पक्के होते.

"खोटं आहे हे," चिमणी म्हणाली. "दोरी यानं सोडली. मी पाहिलं. सरांनीही पाहिलं."

बाईंनी सरांकडे बघितले. सर चष्मा पुसायला लागले. "मी संहितेत बघत होतो," ते म्हणाले. "मुलीला काम लहान मिळालंय. नाराज आहे ती."

चिमणीने सगळ्यांकडे एकदा पाहिले. कुणी मान वर केली नाही. ती एकटी दार उघडून निघून गेली. या वेळी कुणी हसले नाही.

काकांची नोकरी गेली. प्रयोग ठरल्या दिवशी झाला. सभागृह टाळ्यांनी दणाणले, वर्तमानपत्रात फोटो छापून आला, त्यात मी पसरलेला होतो. लोक मला हात लावून बघत. प्रत्येक हातासरशी माझ्या अंगावर काटा येत होता.

चिमणी मात्र गप्प बसली नाही. रोज दवाखान्यात जाई. ज्या डॉक्टरीणबाईंनी काकांना तपासले होते, त्यांना तिने महाविद्यालयात आणले. "हा माणूस प्यायलेला नव्हता. मी स्वतः तपासलंय," त्या प्राचार्यबाईंना म्हणाल्या. मग ढोल वाजवणारा मुलगा रडत कबूल झाला की दोरी सोडताना त्यानेही पाहिले होते. प्राचार्यबाई स्वतः काकांच्या घरी गेल्या, माफी मागितली, त्यांना कामावर परत घेतले. पाय मात्र कायमचा अधू झाला. तोवर हिरो परीक्षा देऊन मोठ्या शहरात गेला होता. सरांना कुणी काही विचारले नाही. त्यांचा निरोप समारंभ थाटात झाला.

गेल्या महिन्यात हिरो प्रमुख पाहुणा म्हणून आला. आता तो मोठा माणूस आहे. मला झटकून त्याच्या मागे भिंतीवर टांगले होते. "सत्यासाठी एकट्यानं उभं राहावं लागतं," तो मुलांना म्हणाला. तोच आवाज, मागच्या भिंतीला भिडणारा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दिवेवाले काका बटणांच्या फळीपाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी त्याच्यावर व्यवस्थित उजेड पाडला.

जाताना त्याने काकांच्या खांद्यावर थाप मारली. "काय काका, पाय बरा आहे ना?"

"चालतंय," काका म्हणाले. तो गेल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, खांदा पुसला आणि रुमाल कचऱ्याच्या डब्यात टाकला.

मित्रांनो, मला जपून ठेवा असे मी म्हणणार नाही. मला जाळलेत तरी चालेल. मात्र कुणी वर उभे राहून फार सुंदर बोलायला लागले, तर टाळ्यांसाठी हात उचलण्याआधी जरा वाकून बघा. खाली कुणीतरी पडलेले असेल. आधी त्याला हात द्या.