गल्ल्यावर बेबी

बेकरीच्या मागच्या दारात सांडलेल्या तेलावरून वहिनीचा पाय सटकला. उजवा गुडघा आत वळला, कट्‌कन आवाज आला आणि संध्याकाळपर्यंत त्याचा भोपळा झाला.

"आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलंय, थोडं फाटलंयही," डॉक्टर म्हणाले. "पण ऑपरेशन नको. पट्टा, व्यायाम आणि धीर, एवढ्यावर भरून येईल."

"पहिल्या दोन गोष्टी मिळतील हो," वहिनी म्हणाली. "तिसरी कुठल्या दुकानात मिळते?"

अडचण दुकानाचीच होती. नवरा भट्टी सांभाळायचा, गल्ला वहिनीचा. काउंटरमागच्या त्या उंच स्टुलावर लग्नापासून दुसरं कुणी बसलं नव्हतं. नवऱ्याने धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. चाळिशी उलटली तरी घरात ती बेबीच होती. शाळेत शिवण शिकवायची. सुट्टीच होती, लगेच आली.

वहिनी वरच्या खोलीत, पायाखाली उशा घेऊन. खालचं सगळं तिला ऐकू यायचं. सुरुवातीला बेबीचे सुट्ट्या पैशांचे घोळ ऐकून तिला बरं वाटलं. म्हटलं, कळू दे, गल्ला म्हणजे बटणं लावणं नव्हे. पण मग खालून हसणं ऐकू यायला लागलं. रिटायर्ड मास्तर इतकी वर्षं मुकाट्याने ब्रेड उचलून जायचे, ते बेबीला विनोद सांगत होते! आणि नवरा खो खो हसत होता. असा तो शेवटचा कधी हसला होता, वहिनीला आठवेना.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने कुबडी उचलून जमिनीवर आपटली. नवरा पिठाच्या हातांनी धावत वर आला.

"काय गं?"

"पाणी."

"उशाशीच आहे की."

"कोमट झालंय."

मग हे रोजचंच झालं. खाली हसू फुटलं की वर कुबडी आपटायची.

संध्याकाळी बेबी बर्फाची पिशवी घेऊन यायची, गुडघ्याखाली हलक्या हाताने टॉवेल सरकवायची. नाव ठेवायला मेलीने जागाच ठेवली नव्हती, आणि तेच वहिनीला जास्त झोंबायचं.

लवकर खाली जायचं म्हणून तिने व्यायामाचा धडाका लावला. मांडी आवळ, टाच सरकव, पाय सरळ उचल. सांगितल्याच्या दुप्पट. गुडघा पुन्हा सुजला.

"कुणाशी शर्यत लावलीय?" फिजिओथेरपीच्या बाईंनी विचारलं.

"छे, कुणाशी लावणार!"

एके सकाळी बेबीचा आवाज आला, "दादा, हे स्टूल फार उंच आहे. पाय कापून घेऊ या का याचे?"

"घे की!" नवरा म्हणाला.

वहिनीला पट्टा बांधायचंही भान राहिलं नाही. कठडा धरून ती जिना उतरायला लागली आणि खालच्या पायऱ्यांवर गुडघ्याने दगा दिला. बेबीने हातातला ट्रे फेकला आणि तिला झेललं. दोघी जमिनीवर, भोवती पाव.

"स्टूल कापायचं नाही!" वहिनी ओरडली.

"स्टुलासाठी जीव देत होतीस?"

"जळते मी तुझ्यावर!" वहिनीचा बांध फुटला. "माझ्या जागेवर बसतेस, माझी गिऱ्हाइकं पळवतेस, माझ्या नवऱ्याला हसवतेस..."

"अगं, आता तो जास्त हसतो ते तुझ्या कुबडीला!" बेबी म्हणाली. "तू आपटलीस की सगळे म्हणतात, मालकीणबाईंचा फोन आला. मास्तर हल्ली मुद्दाम तो ऐकायला थांबतात."

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस तिने कुबडीला हातही लावला नाही. मग मात्र मनात आलं, म्हणजे रोज आपलीच आठवण निघत होती तर. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

पडण्याने गुडघा बरा व्हायला थोडा उशीर झाला, पण लिगामेंट तुटलं नव्हतं. आता ती सांगितलं तेवढंच करायची. बेबी शेजारी बसून आकडे मोजायची आणि मध्येच विसरायची. सूज उतरली, कुबडी सुटली, मग पट्टाही.

शाळा उघडायच्या आधी बेबी निघाली. वहिनी तिला बसस्टॉपपर्यंत पोचवायला चालत गेली. कोपऱ्यावर चावीवाला लांबूनच ओरडला, "काय बेबीताई, निघालात?" मग त्याने वहिनीकडे पाहिलं. "ह्या कोण?"

वहिनी या रस्त्याला वीस वर्षं राहत होती.

"मी हिची वहिनी," ती तोंड आवळून म्हणाली. बेबी मान फिरवून हसू दाबत होती.

बस गेली. परतताना गुडघा ठणकत होता. तरी वहिनी चावीवाल्यापाशी मुद्दाम थांबली. त्याच्या घरी कोण कोण असतं, मुलं काय शिकतात, सगळं विचारून घेतलं, आणि मगच पुढे निघाली.