चौदा जूनचं हवामान

आप्पासाहेबांचा डावा हात दारात मी चिरडला. चुकून नाही, मुद्दाम. पोलिसांना हेच सांगितलं, कॉलेजच्या चौकशी समितीलाही हेच. समितीतल्या एका बाईंनी "मुलीची जात असून?" असं विचारलं, तेव्हा मी "हात मलाही दोन आहेत" म्हणाले. मला एका वर्षासाठी काढून टाकलं. टाकू देत, माझं काही अडत नाही.

मी सुनीती. कर्वेनगरच्या एका कॉलेजात शिकत होते. शेवटच्या वर्षी जोडीनं एका जिवंत माणसाचं चरित्र लिहायचं असतं. माझा जोडीदार श्रीधर, भूगोलाचा, अगदी गरीब गाय. आमच्या वाट्याला आले हिंजवडीचे आप्पासाहेब. एकोणनव्वद साली अंटार्क्टिकाला गेलेले, वर्षभर बर्फावर राहिलेले, तिथल्या गाड्या आणि जनरेटर सांभाळणारे मेकॅनिक. उजव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली. परतल्यावर गावची जमीन आयटीवाल्यांना विकून त्यांनी कोल्ड स्टोरेज काढलं. तो उजवा हात वर करून त्यांनी टाळ्या घेतल्या नाहीत अशी शाळा पुण्यात शोधावी लागेल.

त्यांची गोष्ट ठरलेली होती. मुख्य तळापासून दूरच्या खोपटात दोघंच असताना, हवामानाच्या नोंदी घेणारा सहकारी दीनानाथ याला तिथल्या लांबलचक काळोखानं वेड लागलं. चौदा जूनला भर वादळात तो बाहेर पळाला. आप्पासाहेब कमरेला दोर बांधून मागे धावले. दीनानाथ मेलेला सापडला, आप्पासाहेबांची बोटं हिमदंशानं गेली. सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. आम्ही पन्नास पानं लिहून काढली. मी तर रडलेसुद्धा. आता स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

दीनानाथांच्या पत्नी मंदाकिनीबाई शनिवार पेठेत राहतात, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे आम्ही केवळ फोटो मागायला गेलो होतो.

"या, बसा. आप्पासाहेबांनी पाठवलं असेल," त्या म्हणाल्या. "आमचा वेडा झाला म्हणून त्यांना शूर होता आलं. लिहा तसं."

चहा दिला, पण आमच्या समोर बसेनात. मग आत जाऊन एक वही घेऊन आल्या. दीनानाथांच्या ट्रंकेतून परत आलेली. पानोपानी पाच-पाच आकड्यांचे गट, पेन्सिलीनं लिहिलेले, दुसरं अक्षर नाही. शेवटच्या पानावर तर आकडे मोठे, वाकडे, एकमेकांवर चढलेले.

"सासरच्यांनी हीच पुरावा म्हणून सगळ्यांना दाखवली. बघा, आकडेच आकडे, डोकं फिरलं होतं. माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, दोनदा. घराण्यात वेड आहे म्हणून. पंचेचाळीस वर्षांची झाली ती, नाशिकला एकटी असते. मला तुमचं पुस्तक नको. एक ओळ लिहा, तो वेडा नव्हता. पण पुरावा असेल तरच. दया म्हणून नको."

श्रीधरनं वही उघडली आणि त्याचा चेहराच बदलला. "काकू, ही तर हवामानाची सांकेतिक नोंद आहे! जगभर अशीच पाठवतात. हा वारा, हे तापमान, हे ढग."

पस्तीस वर्षं त्या बाईला कुणी एवढंही सांगितलं नव्हतं. माझं डोकं असं तापलं की कप खाली ठेवताना फुटला.

वही आम्ही मागून आणली. दोन दिवसांत श्रीधरनं शेवटची पानं उलगडली. दर तीन तासांनी एक नोंद, काटेकोर. चौदा जून, दुपारचे तीन. उणे एकतीस अंश, वारा चार नॉट, म्हणजे नुसती झुळूक, आकाश निरभ्र. म्हणजे वादळ नव्हतं. आणि त्यानंतर दर दहा मिनिटांनी एक, अशा सात वाकड्या नोंदी. त्या कशासाठी, हे मात्र त्याला कळेना.

आणि इथे आम्ही माती खाल्ली. आमच्या सरांचा नियम होता, कागद आणि माणूस यांत फरक पडला तर आधी माणसाला विचारा, म्हातारपणी तारखा चुकतात. आम्हीही तेच धरून बसलो. वादळ दुसऱ्या दिवशीचं असेल, बिचाऱ्यांचा घोळ झाला असेल! एवढे शिकलेले गाढव आम्ही, वही घेऊन भर दुपारी थेट त्यांच्याच दारात गेलो.

आप्पासाहेबांनी कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात बसवलं, भजी मागवली. नेहमीसारखा मी फोन रेकॉर्डिंगला लावून खिशात ठेवला.

"आप्पासाहेब, तारीख चुकली असेल का?" श्रीधरनं विचारलं. "चौदा जूनला वादळ नव्हतं."

"कोन म्हनतं?"

"दीनानाथच. त्यांची वही आहे आमच्याकडे."

भजं तोंडाशी नेलेला हात तसाच थांबला. मग ते हसले. "लई चांगलं. चला, गार खोलीत तुमचा फोटू काढू वहीसंगट. पुस्तकाला शोभंल."

मटार साठवायची ती खोली, उणे वीस अंशांची. श्रीधर आत गेला, मी उंबऱ्याशी होते. आप्पासाहेबांनी वहीवर झडप घातली. श्रीधरनं ती शर्टाच्या आत खुपसली. त्यांनी भिंतीवरचा क्रेट ओढायचा लोखंडी हूक काढला आणि त्याच्या डोक्यात घातला. एकदा, मग पुन्हा. कवटीवर लोखंड कसं वाजतं ते मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. श्रीधर पोत्यांवर कोसळला. आप्पासाहेब बाहेर आले, दार ढकललं, वरचा दांडा पाडला.

"आतून उघडत न्हाई," ते मला म्हणाले, शांतपणे. "मूठ मोडल्याली हाय."

मी दांड्यावर धावले. त्यांनी माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. बहात्तर वर्षांचा म्हातारा, पण पंजा मेकॅनिकचा. तोंडात रक्त आलं. मी त्यांच्या मनगटाला चावले, कातडी सुटून आली तरी सोडलं नाही. त्यांनी गुडघा पोटात घातला. मी बोंब मारली, "गेनबा! दार उघडा! आत पोरगा मरतोय!"

गेनबा तिथला जुना कामगार, दहा पावलांवर उभा.

"हात लावशील तर गाडून टाकीन, गेन्या!" आप्पासाहेब ओरडले.

किती मिनिटं गेली? रेकॉर्डिंग सांगतं, अकरा. अकरा मिनिटं आम्ही जनावरांसारखे झटलो आणि आतून आधी दारावर थापा येत होत्या, मग येईनाशा झाल्या. त्या थांबल्या तेव्हा गेनबा रडत पुढे आला आणि त्यानं दांडा उचलला.

दार उघडलं. श्रीधर रांगत उंबऱ्यापर्यंत आला होता, भुवयांवर रक्त गोठलेलं. गेनबानं त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. आप्पासाहेब त्याला परत आत लाथाडायला पुढे झाले आणि तोल सावरायला त्यांनी डावा हात चौकटीवर ठेवला.

मी ते जाड दार सगळं अंग टाकून लावलं.

हाडं मोडल्याचा आवाज झाला. आणि आप्पासाहेब जे ओरडले ते मला उद्देशून नव्हतं.

"दीन्या! दार सोड! उघडतो रे, उघडतो, माझी बोटं हायत मधी!"

मला सगळं कळलं. कसला हिमदंश आणि कसलं काय! बाहेर राहिलेला माणूस दार ओढत होता आणि आतला लावत होता, त्या ओढाताणीत दार आपटलं आणि आतल्याची बोटं फटीत तुटली. मी दार सोडायला हवं होतं. नाही सोडलं. पाठ लावून उभी राहिले.

"वादळ होतं का?"

"न्हवतं! सोड!"

"कोंडलंत का त्याला बाहेर?"

"दारू पिऊन जनरेटर बंद पाडला म्हून लिवनार होता माजं नाव! थोडी अद्दल घडवायची व्हती! मग बोटं तुटली, मला भोवळ आली... आई गं!"

"तो वेडा होता का?"

"न्हवता! न्हवता वेडा!"

मग गेनबानंच मला बाजूला ओढलं.

श्रीधरला नऊ टाके पडले. तो वाचला. वकील म्हणतात, हात चिरडून काढलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. आप्पासाहेबांवर गुन्हा आहे तसा माझ्यावरही आहे. ठीक आहे. मी केलंय ते.

डोक्याला पट्टी असलेला श्रीधर आणि मी मंदाकिनीबाईंकडे गेलो. त्यांनी ते रेकॉर्डिंग मांडी घालून पूर्ण ऐकलं, तोंडावरची रेषही न हलवता. "नव्हता वेडा" पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "मार खाणारा माणूस काहीही बोलतो. हा पुरावा नव्हे."

माझा संताप अनावर झाला. "मग काय हवं तुम्हाला?"

श्रीधरनं वही उघडून शेवटचं पान त्यांच्यासमोर धरलं. "काकू, या सात नोंदी दार बंद झाल्यानंतरच्या आहेत. दीनानाथ तीनची नोंद घ्यायला बाहेर आले, मागे दार लागलं. थापा मारून झाल्यावर ते परत उपकरणांकडे गेले. दर दहा मिनिटांनी. आकडे वाकडे आहेत, कारण बोटं गोठत होती. पण एकही चुकलेला नाही, मी तीनदा तपासलेत. बाहेर वादळ नव्हतं हे त्यांनी लिहून ठेवलं."

"शेवटच्या नोंदीत काय आहे?"

"उणे बत्तीस. वारा शून्य. आकाश निरभ्र."

त्यांनी त्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग नाशिकला फोन लावला.

"ऐक," त्या मुलीला म्हणाल्या, आणि तिथे मात्र त्यांचा बांध फुटला. "तुझे बाबा शेवटपर्यंत कामावर होते गं."