अंबाडीचा फुलोरा

हृषिकेश देवधरच्या बागेतली ती चार झाडे अंबाडीची नव्हती, हे बागांच्या सगळ्या वसाहतीला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त हृषिकेशला.

हॅम्बर्गमध्ये फ्लॅटात राहणाऱ्या माणसाला शहराच्या कडेला हातरुमालाएवढा जमिनीचा तुकडा बागेसाठी मिळतो. त्याला क्लाइनगार्टन म्हणतात, आणि त्याची नियमावली एखाद्या राज्यघटनेइतकी सविस्तर असते. कुंपणाची झुडपे किती उंच असावीत, गवत कोणत्या वेळी कापू नये, भाजीपाल्याला किती जागा सोडावी, सारे त्यात लिहिलेले असते. चारचौघांत स्वतःचे नाव सांगतानाही ज्याचा आवाज शेवटच्या अक्षरापाशी विरून जाई, अशा हृषिकेशने हा सारा खटाटोप एका वाक्यापायी केला होता.

ते वाक्य मुक्ताचे होते. मुक्ता विद्यापीठात समुद्रप्रवाहांवर संशोधन करीत होती. पाडव्याच्या जेवणात, हातात श्रीखंडाची वाटी घेऊन ती कुणाला तरी सांगत होती, "इथे सगळं मिळतं हो. अळूसुद्धा मिळतो. फक्त अंबाडी मिळत नाही." हृषिकेश तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. इतके जवळ उभे राहणे बरे दिसणार नाही असे वाटून तो तेवढ्यावरच तिथून सरला. पण ते वाक्य त्याने घरी नेले, आणि एखादी नाजूक वस्तू ठेवावी तसे मनात जपून ठेवले. बोलणे त्याला साधत नसे. पण ऋषिपंचमीच्या दिवशी ताजी अंबाडी घेऊन तिच्या दारात उभे राहिले, तर निदान पहिले वाक्य शोधावे लागणार नव्हते. ते तिनेच बोलून ठेवले होते.

साताऱ्याच्या सुधाआत्याने पत्रातून बी धाडले. मे महिन्यात हृषिकेशने ते पेरले. आत्याचे बी उष्ण मातीचे. एल्बे नदीकाठच्या गार, ओल्या जमिनीत ते मुकाट्याने कुजून गेले. उगवले ते दुसरेच. आधीच्या बागवाल्याने नेमक्या त्याच जागी पाखरांसाठी दाण्याची टांगणी लावली होती, आणि पाखरांच्या दाण्यात भांगेचे बी असते.

हाताच्या पंज्यासारखे पान हृषिकेशने पाहिले आणि त्याचा ऊर भरून आला. अंबाडीचे पानही पंज्यासारखेच असते. भाजी झाल्यावरच तिची गाठ पडलेल्या माणसाला याहून अधिक काय ठाऊक असणार? हेच पान त्याने येथल्या तरुणांच्या टी-शर्टांवर पाहिले होते, पण ते एखाद्या फुटबॉल क्लबचे चिन्ह असावे अशी त्याची समजूत होती. एकदा त्याने पान चावून पाहिले. ते आंबट लागले नाही. परदेशात आल्यावर माणसे आपला आंबटपणा गिळायला शिकतात, तसेच पानांचेही होत असेल, असे त्याने स्वतःला समजावले.

जुलैत वसाहतीचे अध्यक्ष तपासणीला आले. कंबरेपर्यंत आलेल्या त्या झाडांसमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी वहीत नोंद केली: कुंपण चार सेंटिमीटर जास्त उंच.

शेजारचा तुकडा हेर, म्हणजे श्रीयुत, पेटरसनांचा होता. हे बंदरावरचे निवृत्त क्रेनचालक. "मोइन" या नमस्कारवजा एका शब्दात त्यांचा सबंध दिवस भागत असे. हृषिकेशची झाडे छातीशी आली, तसे त्यांचे बोलणे वाढू लागले.

"सुंदर आहेत," एकदा ते कुंपणावरून म्हणाले. "घरच्यासाठी?"

"एका मैत्रिणीसाठी," हृषिकेश लाजून म्हणाला. "आमच्याकडे सणाला लागते. ऋषींसाठी."

"ऋषींसाठी," पेटरसन आदराने म्हणाले. "आमच्याकडे ही चाल नाही. माझे गुडघे मात्र फार दुखतात." आणि ते झाडांकडे, एखाद्या नातवाकडे पाहावे तसे पाहत राहिले.

गुडघ्यांचा आणि अंबाडीचा संबंध हृषिकेशला कळला नाही. पण भाजीत लोह असते हे त्याने ऐकले होते. "तुम्हालाही देईन ना," तो म्हणाला. पेटरसनांचे डोळे किंचित ओलावले.

त्या वर्षीचा उन्हाळा मात्र उन्हाळा म्हणवून घेण्याच्या लायकीचा नव्हता. ऑगस्टभर पाऊस पडला. जोराचा नव्हे, तर कुणी आपले दुःख खालच्या आवाजात सांगत राहावे तसा. हृषिकेश पिवळ्या फुलांची वाट पाहत होता. आले ते हिरवे, चिकट, दाट तुरे, आणि त्यांना असा उग्र दर्प की ट्रेनमध्ये त्याच्या शेजारी बसलेली मुले उगाचच त्याच्याकडे पाहून प्रेमाने हसत. झाडे भिजू नयेत म्हणून त्याने त्यांच्याभोवती बांबू रोवून चारही बाजूंनी पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळले.

आठ दिवसांनी सर्वांत मोठ्या तुऱ्यात त्याला एकच पिवळे पान दिसले. ते ओढायला त्याने हात लावला. ते ओढण्याआधीच हातात आले. कसलाही विरोध न करता, जणू निघण्याच्या तयारीतच बसले होते. त्याने तुरा उकलला. आत सारे तपकिरी, मऊ झाले होते आणि वर उंदराच्या अंगावरच्या लवेसारखी करडी बुरशी धरली होती. फुंकर घातली तशी तिच्यातून राखेसारखी धूळ उडाली.

"थांबा! फुंकू नका!" पेटरसन कुंपण ओलांडून आले. गेल्या दहा वर्षांत त्यांना इतक्या चपळाईने चालताना कुणी पाहिले नसेल. "ती धूळ नाही, बुरशीचं बी आहे. आता ते सगळीकडे जाईल." त्यांनी प्लॅस्टिकला हात लावला, आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. "हे काय केलंय तुम्ही? हमामखाना?"

"पाऊस लागू नये म्हणून..."

"तुम्ही नोकरी कसली करता, हेर देवधर?"

"विमानाच्या केबिनमध्ये हवा खेळती कशी राहील, त्याची गणितं करतो."

पेटरसनांनी प्लॅस्टिककडे पाहिले, मग त्याच्याकडे. "कुठली विमानं तेवढी सांगून ठेवा. मी आगगाडीनेच जात जाईन."

मग रोज संध्याकाळी दोघांची शुश्रूषा सुरू झाली. प्लॅस्टिक निघाले, वर नुसते छप्पर उरले, चारही बाजू उघड्या. सडलेला भाग जेवढा दिसतो त्याच्या बोटभर खालून कापायचा, कापतानाच पिशवीत घ्यायचा, आणि दर कापणीनंतर कात्री स्पिरिटने पुसायची. तुऱ्यांमधली दाट पाने विरळ करायची. सकाळी दव झटकायचे. दाट तुरे उकलून आत पाहायचे, कारण सड आतून सुरू होते; बाहेरून तुरा हसतमुखच दिसत असतो. हे शेवटचे पेटरसनांनी सहज सांगितले, पण हृषिकेश ते वाक्यही घरी घेऊन गेला.

एवढी मेहनत फुलांवर का, हे मात्र त्याला उमगेना. जेवायची ती पाने. पण जर्मन माणूस काम अंगावर घेतो तेव्हा ते मुळापासून घेतो, असे समजून तो दव झटकत राहिला.

पंचमी रविवारी होती. शनिवारी सकाळी पेटरसनांनी आकाशाकडे पाहिले. "उद्या पाऊस. आज कापलं नाही, तर हाती बुरशी येईल. अर्धं तुमचं, अर्धं माझं?"

"छे, फुलं तुम्हीच घ्या," हृषिकेश म्हणाला. "मला फक्त पानं हवीत."

पेटरसनांच्या हातातली कात्री थांबली. "नुसती पानं?"

"आम्ही पानंच वापरतो. थोडं वाटण लावून."

पेटरसनांनी काम थांबवून हात पुसला आणि पुढे केला. "माझं नाव हाइन," ते म्हणाले. "आता अरे-तुरेच म्हण." असे अरे-तुरे वसाहतीत त्यांनी आजवर तिघांनाच दिले होते.

रविवारी हृषिकेश कापडी पिशवी घेऊन मुक्ताच्या दारात उभा राहिला. पहिले वाक्य त्याने वाटेत चाळीस वेळा म्हटले होते.

"तुम्ही म्हणाला होतात ना, की इथे अंबाडी मिळत नाही," तो म्हणाला, आणि पिशवी पुढे केली. त्याचा आवाज शेवटच्या अक्षरापर्यंत पोचला.

मुक्ताने पिशवीत पाहिले. मग वास घेतला. मग जिन्यात वर-खाली पाहून त्याला दंडाला धरून आत ओढले आणि दार लावले.

"हे घेऊन तुम्ही ट्रेनने आलात?"

"हो. लोक फार चांगले वागले."

मुक्ता खुर्चीत बसली. तिला इतके हसू आले की तिने पदर तोंडाशी धरला. मग तिने त्याला सांगितले ते काय होते. हृषिकेशच्या डोळ्यांसमोरून अध्यक्षांची वही, ट्रेनमधली मुले आणि पेटरसनांचे गुडघे एकामागून एक ओळीने गेले. तो दाराकडे वळला.

"अरे, बस की!" ती म्हणाली. "आणि एक सांगू? तेव्हा तू पूर्ण ऐकलंच नाहीस वाटतं. मी म्हणाले होते, फक्त अंबाडी मिळत नाही, सुटले बाई. लहानपणी आई ताटात वाढायची तेव्हा मी रडायचे."

चार महिन्यांचा पाऊस हृषिकेशच्या अंगावर एकदम कोसळला. पण तिने त्याला "अरे" म्हटले होते, आणि तो बसला.

संध्याकाळी तिला बाग पाहायची होती. पेटरसन बाकावर पाय पसरून बसले होते. त्यांनी कालच एक तुरा ओव्हनमध्ये वाळवून चहा केला होता.

"तीन कप प्यालो," ते गंभीरपणे म्हणाले. "फक्त लघवीला लागलं. पाखरांच्या दाण्यातलं असणार, त्यात नशा नसते. तुला सांगणार नव्हतो रे, तुझे ऋषी दुखावतील." मग मुक्ताकडे पाहून, "हीच का ती?"

हृषिकेशने खुंटांकडे पाहिले. त्यांतल्या एकावर रात्रीतून करडी लव आली होती.

"पुढच्या वर्षी इथे मेथी लावू," मुक्ता म्हणाली.

त्याचे पाऊल सवयीने मागे सरकले होते. पण तिचे वाक्य अजून पुरे झाले नव्हते, आणि या वेळी हृषिकेश ते संपेपर्यंत थांबला.